सी-शार्पमधून सी डीएलएलला देवनागरी मजकूर : ‘छ. संभाजीनगर’च्या शेपटीला लॉट क्रमांक चिकटतो

लातूर_मोंढा :

सर्वांना नमस्कार. मी लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी वजनकाट्याच्या पावतीचा प्रोग्रॅम २०२१ मध्ये लिहिला. काट्याशी बोलणारी डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांची फाइल) सी भाषेतील आहे. ती काटा बसवून देणाऱ्यांनी दिली. तिचा सोर्स मिळालेला नाही, फक्त हेडर फाइल (फंक्शने आणि नोंदीची मांडणी सांगणारी) मिळाली आहे. माझा प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये असून तो आता डॉटनेट ८ वर चालतो.

कामाचा क्रम असा आहे. गाडी काट्यावर आली की शेतकऱ्याचा जिल्हा आणि लॉट क्रमांक मी डीएलएलला देतो. ती वजन घेते, संपूर्ण नोंद आपल्या स्मृतीत ठेवते आणि मागितल्यावर त्या नोंदीचा पत्ता परत देते. त्या पत्त्यावरून जिल्हा वाचून मी पावती छापतो. जिल्ह्याचे नाव पाठवताना ‘एलपीयूटीएफ८एसटीआर’ हा प्रकार वापरला आहे, आणि वाचताना ‘मार्शल’ वर्गातील ‘पीटीआर-टू-स्ट्रिंग-यूटीएफ८’ ही पद्धत वापरली आहे.

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या जिल्ह्यांच्या पावत्या बिनचूक निघतात. मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून सोयाबीनची गाडी आली की पावतीवर ‘छ. संभाजीनगर०४१२’ असे छापले जाते. ०४१२ हा त्या गाडीचा लॉट क्रमांक असतो. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा मी यादीत नवे नाव टाकले. पूर्ण नाव पावतीच्या रकान्यात मावत नसल्याने ‘छ.’ असे लघुरूप केले. तिकडच्या गाड्या आमच्याकडे क्वचितच येतात, त्यामुळे दोष इतके दिवस कुणाच्या नजरेस आला नाही. परवा एका शेतकऱ्याने पावती पुढे धरून “हे कोणतं गाव?” असे विचारले तेव्हा मापाडी, मुनीम आणि मी असे तिघेही निरुत्तर झालो.

जालना_रोड :

मला हा सरळसरळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीचा, दोष वाटतो. ‘डीएलएलइम्पोर्ट’ लिहिताना ‘कॅरसेट’ दिला नाही तर सी-शार्प तो ‘अँसी’ धरते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजवर अँसी म्हणजे त्या संगणकाचे चालू कोडपेज (कोणत्या बाइटला कोणते अक्षर याची यादी), आणि आपल्याकडील बहुतेक संगणकांवर ते १२५२ असते. त्यात देवनागरी नाहीच. एकदा घोषणा तपासून पाहावी. प्रिंटरचा फॉन्टही बदलून पाहण्यास हरकत नाही.

लातूर_मोंढा :

दादा, फॉन्ट बदलून पाहिला, फरक पडला नाही. अँसीचा अनुभव मी पूर्वी घेतलेला आहे. तेव्हा ‘लातूर’ पाठवले की पलीकडे पाच प्रश्नचिन्हे पोहोचत असत: ल, काना, त, ऊकार आणि र यांच्यासाठी प्रत्येकी एक. येथे एकही प्रश्नचिन्ह नाही. अक्षरे सगळी शुद्ध आहेत आणि फक्त शेपूट जास्तीचे आहे.

गोदाकाठ :

अक्षरे शुद्ध आणि शेपूट जास्तीचे, हे लक्षण एन्कोडिंगचे नसून लांबीचे आहे. कृपया दोन गोष्टी द्याव्यात. हेडर फाइलमध्ये त्या नोंदीचे स्ट्रक्ट, म्हणजे घटकांची मांडणी, कसे लिहिले आहे ते शब्दशः सांगावे. तसेच डीएलएलने दिलेल्या पत्त्यापासून पहिले ४० बाइट कोणतेही रूपांतर न करता एका बाइट-ॲरेमध्ये उचलून, शेवटचे बारा आकडे दशमान पद्धतीत येथे लिहावेत. स्ट्रिंग करून पाहू नये. स्ट्रिंग केली की पुरावा पुसला जातो.

लातूर_मोंढा :

स्ट्रक्टमध्ये पहिला घटक जिल्हा, ३२ चा कॅर-ॲरे. दुसरा घटक लॉट, ८ चा कॅर-ॲरे. पुढे वजनाचे आकडे आहेत. जिल्ह्यासमोर ‘३२ बाइट’ एवढीच टीप आहे.

चाळीसपैकी शेवटचे बारा बाइट असे आहेत: १५१, २२४, १६४, १७६, ४८, ५२, ४९, ५०, ०, ०, ०, ०. पण सर, माझ्या मोजणीनुसार ‘छ. संभाजीनगर’ हे नाव फार तर नऊ-दहा खुणांचे आहे. मग ३२ ची जागा अपुरी कशी पडेल?

गोदाकाठ :

नेमकी त्या मोजणीतच गोम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गट क्रमांक ०९०० ते ०९७एफ असा आहे. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या पद्धती आहेत. या गटातील प्रत्येक खुणेला, मग ती अक्षर असो, काना-मात्रा असो, अनुस्वार असो किंवा पाय मोडण्याचे चिन्ह असो, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात आणि यूटीएफ-१६ मध्ये २ लागतात. डॉटनेटची स्ट्रिंग आतून यूटीएफ-१६ असते, त्यामुळे तिची ‘लेंग्थ’ विचारली की आपल्याला खुणांची संख्या मिळते, बाइटांची मिळत नाही. डोळ्यांनी मोजलेली संख्या याहूनही वेगळी असते, कारण डोळा ‘भा’ला एक मोजतो आणि संगणक दोन मोजतो.

आता आपले नाव घेऊ. ‘संभाजीनगर’ म्हणजे स, अनुस्वार, भ, काना, ज, दीर्घ ईकार, न, ग, र अशा नऊ खुणा, म्हणजे २७ बाइट. ‘छ’चे ३. टिंब आणि मोकळी जागा यांचे प्रत्येकी १. एकूण बरोबर ३२. जागा ३२ ची आणि मजकूरही ३२ चा. सी भाषेत स्ट्रिंग कुठे संपली हे सांगणारा शून्य बाइट ठेवायला जागाच उरली नाही. आपण दिलेल्या आकड्यांत २२४, १६४, १७६ हे तीन बाइट म्हणजे ‘र’, आणि त्याच्या पाठोपाठ शून्याऐवजी थेट ४८, ५२, ४९, ५० म्हणजे ०४१२ आहे. ‘पीटीआर-टू-स्ट्रिंग-यूटीएफ८’ला नुसता पत्ता दिला तर ती शून्य भेटेपर्यंत चालत राहते. तिला शून्य भेटले ते लॉटच्या पुढे.

जुन्या नावांच्या वेळी हे का घडले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ‘औरंगाबाद’ आठ खुणांचे, म्हणून २४ बाइट. ‘उस्मानाबाद’ दहा खुणांचे, म्हणून ३० बाइट. शून्य धरून ३१. ते एका बाइटने बचावले होते. ‘धाराशिव’ तर २१ बाइटांतच आटोपते. म्हणजे २०२१ पासून हा दोष प्रोग्रॅममध्ये होताच. त्याला उघडे पाडणारे नाव २०२३ मध्ये आले.

डीएलएलच्या आत बहुधा ‘स्ट्रएनकॉपी’ वापरलेले असावे. ते फंक्शन स्रोत छोटा असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरते. पण स्रोत जागेइतका किंवा त्याहून मोठा असेल तर शेवटी शून्य लिहीत नाही. हा त्याचा दोष नव्हे. युनिक्सच्या आरंभकाळी फाइलचे नाव १४ बाइटांच्या ठराविक जागेत ठेवत असत आणि जागा पूर्ण भरली तर शून्याची गरज नसे. त्या कामासाठी ते योग्यच होते. हेडरमध्येही ‘३२ बाइट’ एवढेच म्हटले आहे, ‘शेवटी शून्य असेल’ असे म्हटलेले नाही. म्हणून, वाईट वाटून घेऊ नये, पण आपल्या समोरच्या पुराव्यावरून चूक डीएलएलपेक्षा वाचणाऱ्याची दिसते.

दुरुस्ती सोपी आहे. पत्त्यापासून ३२ बाइटांचा स्पॅन (सलग तुकडा) घ्यावा, त्यात पहिला शून्य कुठे आहे ते शोधावे, सापडला तर तेथपर्यंत आणि न सापडल्यास पूर्ण ३२ बाइट ‘एन्कोडिंग-यूटीएफ८’च्या ‘गेटस्ट्रिंग’ला द्यावेत. ‘पीटीआर-टू-स्ट्रिंग-यूटीएफ८’चा लांबी घेणारा दुसरा प्रकारही आहे, परंतु त्याला नुसते ३२ देऊ नये. तो शून्यापाशी थांबत नाही. ‘लातूर’च्या पुढची १७ शून्येही स्ट्रिंगमध्ये घेऊन येतो, आणि मग ‘लातूर’ची ‘लातूर’शी तुलना केली तरी उत्तर ‘समान नाही’ असे मिळते.

हिंगोलीची_हळद :

गोदाकाठ सर, एक शंका आहे. हे स्ट्रक्ट सी-शार्पमध्येच लिहून जिल्ह्याला ‘बायव्हॅलटीएसटीआर’ आणि ‘साइझकॉन्स्ट’ ३२ दिला असता तर मार्शलरनेच (दोन भाषांच्या सीमेवर मजकुराचे रूपांतर करणाऱ्या डॉटनेटच्या भागाने) सर्व सांभाळले नसते का? हाताने बाइट मोजण्याची वेळ का यावी?

गोदाकाठ :

ताई, सांभाळले असते, पण चुकीच्या लिपीत. ‘बायव्हॅलटीएसटीआर’ स्ट्रक्टच्या कॅरसेटनुसार चालतो. तेथे अँसी किंवा युनिकोड, म्हणजे यूटीएफ-१६, एवढेच पर्याय आहेत. यूटीएफ-८ चा पर्याय नाही. अँसी म्हटले की विंडोजवर जालना_रोड यांनी सांगितलेले १२५२ पुढ्यात येते. म्हणून अशा स्ट्रक्टमध्ये सरळ बाइट-ॲरे ‘बायव्हॅलॲरे’ म्हणून घ्यावा आणि रूपांतर आपण करावे. हे कंटाळवाणे आहे, हे मान्य.

हिंगोलीची_हळद :

समजले. मी हळद खरेदीचे अँड्रॉइड ॲप सांभाळते. तेथे जावा आणि सी++ यांच्या सीमेवरही हेच दुखणे निराळ्या रूपात भेटते, म्हणून लिहिते. या सीमेवरील जोडणीची, म्हणजे जेएनआयची, ‘गेटस्ट्रिंगयूटीएफकॅर्स’ आणि ‘न्यूस्ट्रिंगयूटीएफ’ ही फंक्शने नावात यूटीएफ म्हणत असली तरी ती ‘मॉडिफाइड यूटीएफ-८’ बोलतात. देवनागरीच्या बाबतीत दोन्हींत फरक नाही, त्यामुळे आमचे वर्षभर काही अडले नाही. पण ज्या खुणांना साध्या यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट लागतात, उदाहरणार्थ इमोजी, त्या मॉडिफाइड प्रकारात ३-३ बाइटांच्या जोडीने लिहिल्या जातात. एका व्यापाऱ्याने दुकानाच्या नावापुढे इमोजी टाकला, सी++ ने तो साध्या यूटीएफ-८ मध्ये ‘न्यूस्ट्रिंगयूटीएफ’कडे दिला आणि चाचणीच्या फोनवर चेकजेएनआय या तपासणीने ॲप तेथेच बंद पाडले. तेव्हापासून आम्ही सीमेवरून बाइट-ॲरे पाठवतो आणि जावाच्या बाजूला ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट सांगून स्ट्रिंग बनवतो. घेतलेली प्रत ‘रिलीजस्ट्रिंगयूटीएफकॅर्स’ने परत करण्याचे विसरलो होतो, ती चूकही त्याच आठवड्यात सापडली.

लातूर_मोंढा :

गोदाकाठ सर, आपण सांगितल्याप्रमाणे ३२ ची मर्यादा घालून वाचले आणि नाव शुद्ध छापले गेले. मनापासून आभार.

याच डीएलएलची आणखी एक अडचण या चर्चेशी संबंधित असल्याने येथेच विचारतो. तिच्यात शेवटचा संदेश देणारे एक फंक्शन आहे. ते सीमध्ये ‘कॉन्स्ट कॅर’चा पॉइंटर परत करते. मी सी-शार्पमध्ये परतीचा प्रकार ‘स्ट्रिंग’ लिहिला. संदेश नीट वाचता येतो, पण ते फंक्शन वापरल्यावर प्रोग्रॅम कधी लगेच, तर कधी दहा-बारा पावत्यांनंतर कोणतीही सूचना न देता बंद पडतो. ट्राय-कॅच घालूनही काही हाती लागत नाही. हंगामात सौदा निघण्याच्या वेळी असे झाले की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि हमालांची बोलणी मला ऐकावी लागतात.

अंबाजोगाई_सी :

हा प्रश्न स्मृती कोणाच्या मालकीची आहे याचा आहे.

परतीचा प्रकार ‘स्ट्रिंग’ असे सांगितले की मार्शलर दोन कामे करतो. पहिले, त्या पत्त्यावरील मजकुराची प्रत काढून मॅनेज्ड (डॉटनेटच्या ताब्यातील) स्ट्रिंग तयार करतो. दुसरे, मूळ पत्ता ‘कोटास्कमेमफ्री’कडे देऊन मोकळा करतो, कारण परत आलेली जागा ‘कोटास्कमेमअलॉक’ने घेतलेली असून आता आपल्या हवाली झाली आहे, असे तो गृहीत धरतो. ‘कॉन्स्ट कॅर’चा पॉइंटर देणारी फंक्शने बहुधा आपल्याच एखाद्या स्टॅटिक बफरचा पत्ता देत असतात. जी जागा त्या हीपमधून (मागेल तशी जागा देणाऱ्या स्मृतीच्या साठ्यातून) घेतलेलीच नव्हती ती तेथे परत करायला गेल्यावर हीप बिघडते. बिघाड लगेच उघडकीला येईल याची शाश्वती नसते. पुढे केव्हातरी कुणी स्मृती मागितली की तेव्हा प्रोग्रॅम पडतो. हीप बिघडून पडलेला प्रोग्रॅम ट्राय-कॅचच्या हाती लागत नाही, कारण तो मॅनेज्ड जगातील एक्सेप्शन नव्हे.

उपाय असा: परतीचा प्रकार ‘इंटपीटीआर’ लिहावा, आणि पत्ता हाती येताच मजकुराची प्रत काढून घ्यावी. ‘येताच’ या शब्दावर माझा भर आहे, कारण स्टॅटिक बफर असेल तर पुढच्याच कॉलला त्यातील मजकूर बदलतो. मोकळे करण्याचे फंक्शन डीएलएलने स्वतः दिले असेल तरच ते वापरावे. दिले नसेल तर त्या पत्त्याला हात लावू नये. ज्याने जागा घेतली त्यानेच ती सोडावी. ‘मॅलॉक’ने घेतलेली जागा दुसऱ्या रनटाइमच्या ‘फ्री’ने सोडणेही विंडोजवर धोक्याचे असते, कारण दोघांच्या हीप वेगळ्या असू शकतात.

उलट दिशेचा एक धोकाही सांगून ठेवतो. स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये पाठवली जाते तेव्हा मार्शलर बरेचदा प्रत काढतच नाही. मूळ स्ट्रिंग पिन करून (जागेवर खिळवून) तिचाच पत्ता नेटिव्ह, म्हणजे सीच्या, बाजूला देतो. पलीकडच्या फंक्शनने त्या जागेत काही लिहिले तर डॉटनेटची न बदलणारी म्हणवली जाणारी स्ट्रिंग बदलते, आणि ती इंटर्न केलेली (एकच प्रत सगळीकडे वापरली जाणारी) असेल तर प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे तो शब्द आहे तेथे तेथे बदललेली दिसते. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. ‘एकूण’ हा शब्द सर्व अहवालांत ‘कूण’ झाला होता आणि दोष शोधण्यात दोन दिवस गेले. पलीकडचे फंक्शन लिहिणारे असेल तर त्याला स्ट्रिंग देऊच नये, बफर द्यावा.

जालना_रोड :

माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. तरीही कोडपेजबाबत एक उपयुक्त गोष्ट सांगतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजसाठीच्या माहिती-फाइलमध्ये) ‘ॲक्टिव्ह-कोडपेज’ म्हणून यूटीएफ-८ लिहिता येते. मग त्या प्रोग्रॅमपुरते अँसी म्हणजेच यूटीएफ-८ होते. जुन्या डीएलएल आतून विंडोजची अँसी फंक्शने वापरत असतील तर याचा चांगला उपयोग होतो.

आणखी एक विचारतो. आमच्याकडे एका जिनिंगमध्ये याच तऱ्हेची जुनी डीएलएल पंधरा वर्षे मराठीसह विनातक्रार चालली, ती कशी?

अंबाजोगाई_सी :

तेव्हाची नोंद बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली असणार. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे. मराठी दिसत असे ती केवळ फॉन्टच्या चित्रांमुळे. एका खुणेला एक बाइट, आणि सगळे १२५२ च्या आत. म्हणून अँसीच्या दारातून ते सुखरूप जात असे. तोच विदा युनिकोडमध्ये आणला की प्रत्येक खूण तिप्पट जागा मागते आणि ‘३२ पुरेल’ हा जुना हिशेब मोडतो. एकटे ‘ज्ञानेश्वर’ लिहिले तरी दहा खुणा, म्हणजे ३० बाइट होतात. वडिलांचे नाव आणि आडनाव तर अजून यायचेच आहे.

हिंगोलीची_हळद :

लातूर_मोंढा, नवे कोड लिहिणारच असाल तर ‘डीएलएलइम्पोर्ट’ऐवजी ‘लायब्ररीइम्पोर्ट’ पाहावे. ते डॉटनेट ७ पासून आहे. त्यात स्ट्रिंग असलेल्या फंक्शनला एन्कोडिंग कोणते हे सांगावेच लागते, न सांगितल्यास कोड कंपाइलच होत नाही. आणि मार्शलिंगचा कोड कंपाइलच्या वेळी तयार होत असल्याने तो उघडून वाचताही येतो. आपल्या ३२ च्या भानगडीवर मात्र त्याचा काही उपाय नाही.

लातूर_मोंढा :

आठवडाभर वापरून मग लिहीत आहे. ‘इंटपीटीआर’ केल्यापासून प्रोग्रॅम एकदाही पडला नाही.

जिल्ह्याच्या बाबतीत मात्र एक नवी गोष्ट समोर आली. डीएलएल दिवसाअखेर आपली स्वतःची एक सीएसव्ही फाइल लिहिते. ती मुनिमाने उघडली तर तिच्यातही ‘छ. संभाजीनगर०४१२’ असेच आहे. म्हणजे डीएलएल स्वतःही शेवटी शून्य आहे असे समजूनच वाचते, आणि तेथे माझा हात पोहोचत नाही.

गोदाकाठ :

मग माझे आधीचे मत मागे घेतो. चूक दोन्हीकडची आहे. जी डीएलएल स्वतः शून्य शोधत वाचते तिने लिहितानाही शून्य ठेवायला हवे होते. आता पाठवतानाच ३१ बाइटांची मर्यादा पाळणे भाग आहे. मर्यादा ओलांडणारे नाव कापायचे असेल तर बाइट मोजून कोठेही कापू नये. १२८ ते १९१ या टप्प्यातील बाइट हा आधीच्या खुणेचा पुढचा भाग असतो. पहिला वगळलेला बाइट या टप्प्यातला असेल तर खुणेची सुरुवात सापडेपर्यंत मागे यावे, नाहीतर खूण अर्धवट तुटते आणि शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. तेवढ्याने मराठीचे भागत नाही. ‘छत्रपती संभाजीनगर’ पूर्ण लिहिले तर ४९ बाइट होतात, आणि ३१ वर कापले तर नेमके ‘छत्रपती संभ’ उरते. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, एकही खूण तुटलेली नाही, आणि तरीही ‘भा’चा काना गेलेला. म्हणून ‘स्ट्रिंगइन्फो’ वापरून पूर्ण अक्षरावरच थांबावे, किंवा कापण्याची वेळच येऊ देऊ नये. नावाऐवजी छोटा संकेत पाठवावा आणि पूर्ण नाव आपल्या बाजूच्या यादीतून छापावे.

लातूर_मोंढा :

संकेताची कल्पना पटली. मोंढ्यात सगळ्यांना तोंडपाठ असलेले संकेत गाड्यांच्या पाटीवरचेच आहेत: २० संभाजीनगर, २४ लातूर, २५ धाराशिव. पुढील हंगामाआधी तेच पाठवायला सुरुवात करीन. सीएसव्हीत आकडे पाहण्याची मुनिमाला सवय व्हायला तेवढा वेळ लागेलच.

तोपर्यंतची सोय म्हणून काल रात्री यादीतील नावातून मोकळी जागा काढून टाकली. ‘छ.संभाजीनगर’ बरोबर ३१ बाइटांचे झाले आणि बत्तिसाव्या जागी शून्य बसले. आज सकाळी तिकडची एक गाडी आली. पावती आणि सीएसव्ही दोन्ही पाहिल्या, लॉट क्रमांक आपल्या रकान्यात आहे.